‘करडीला’ म्हणजे कुठे? संगणकासाठी शब्दांच्या जाती ठरवताना

मोहाडी तालुक्यात करडी नावाचं गाव आहे. करडी हे तेलबियांचं पीकही आहे, आणि हेडमास्तरांची नजर करडी असते हे सांगायला नको. आता ही तीन वाक्यं पाहा : ‘करडीला बस थांबते का?’, ‘करडीला यंदा भाव काय?’, ‘बाईंची नजर करडी, पण मन मऊ.’ भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उभा असलेला कुणीही यात अडखळणार नाही. पहिल्या वाक्यात गाव, दुसऱ्यात पीक, तिसऱ्यात नजरेचं विशेषण. संगणकापुढे मात्र पहिल्या दोन वाक्यांत अक्षरं तंतोतंत तीच असतात. शेजारचे शब्द पाहून फरक ओळखायला त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. शिकवायची रीत अशी की आधी माणसांनी वाक्यंच्या वाक्यं घेऊन प्रत्येक शब्दापुढे त्याची जात लिहायची, आणि त्या नमुन्यांवरून यंत्राने नवीन वाक्यांचा अंदाज बांधायचा. याला टॅगिंग म्हणतात.

हा लेख हे काम हातात घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे : मराठी घेऊन एम.ए. करणारे, शाळा-कॉलेजांतले शिक्षक, संगणकशास्त्राची मुलं आणि झाडीबोलीत लिहिणारी मंडळी. व्याकरण पाठ असलंच पाहिजे असं नाही. ठरवलेलं लिहून ठेवायची शिस्त मात्र हवी. या कामात ज्ञानापेक्षा तिची टंचाई जास्त असते.

हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. ‘मामा तलावात मत्स्यबीज सोडले’ हे वाक्य घ्या. भंडारा-गोंदियात मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे पोरासोरांना ठाऊक असतं. यंत्राला ते कुणी सांगितलेलं नसेल तर भाषांतरात आईचा भाऊ अवतरणार. भंडारा या नावाचीच गंमत पाहा. जेजुरीत भंडारा उधळतात, आणि तुमसरचा माणूस कोर्टकामाला भंडाऱ्याला येतो. एक सामान्यनाम, दुसरं विशेषनाम. शेतकऱ्याने मोबाईलवर बोलून विचारलेला प्रश्न असो की जिल्ह्याच्या बातम्यांतला शोध, शब्दाची जात चुकली की पुढचं गणित चुकतं. केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ उपक्रम सुरू केला, मोठ्या कंपन्याही मराठीत उतरल्या आहेत. पण त्यांच्याकडची मराठी बहुतेक छापील, प्रमाण मराठी. आपल्याकडची मराठी आपण दिली तरच तिथे पोचेल.

आता खुणा कोणत्या वापरायच्या? शाळेत आपण आठ जाती शिकलो : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे विकारी; क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही अव्ययं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली निघालं आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. आपली पाठ्यपुस्तकं अजून त्याच वाटेने जातात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण यंत्रासाठी हे आठ खण अपुरे पडतात. ‘हा आला’ आणि ‘हा माणूस आला’ यांतल्या ‘हा’चं काम वेगळं आहे. शाळा दुसऱ्याला सार्वनामिक विशेषण म्हणून मोकळी होते.

भारतीय भाषांसाठी भारतीय मानक ब्युरोच्या नावाने ओळखला जाणारा एक संच आहे. त्यात वरच्या पातळीवर ११ खाती आहेत : नाम, सर्वनाम, दर्शक, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण, परसर्ग, उभयान्वयी, निपात, परिमाणवाचक आणि उरलेसुरले. ‘हा माणूस’मधला ‘हा’ दर्शकात जातो. ‘दोन’, ‘तिसरा’, ‘थोडं’ हे विशेषणातून निघून परिमाणवाचकात जातात. ‘अरेरे’, ‘वाहवा’ निपाताच्या पोटात. विरामचिन्हं, परकी अक्षरं, ‘पाणीबिणी’मधलं ‘बिणी’, हे सगळं शेवटच्या खात्यात. दुसरा संच जगभर चालतो, युनिव्हर्सल डिपेंडन्सीज नावाचा. त्यात १७ खुणा आहेत आणि त्यात मराठीचाही एक छोटा संग्रह आहे. छोटा म्हणजे किती, तर ४६६ वाक्यांचा. आठ कोटींहून अधिक लोकांच्या भाषेला हे फारच तुटपुंजं झालं. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या बहुभाषी संग्रहात मराठी आहे, पण त्याची सुरुवात आरोग्य आणि पर्यटन या विषयांपासून झाली. धानावरचा तुडतुडा त्यात सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

माझं मत स्पष्ट आहे. भारतीय मानक ब्युरोचा संच घ्या. आपला तेरावा-चौदावा संच तयार करण्याच्या मोहात पडू नका. पुढेमागे हिंदी, छत्तीसगढी किंवा गोंडीवर काम करणाऱ्यांशी ताडून पाहायचं असेल तर सगळ्यांची खाती एकच असलेली बरी. आपलं वेगळेपण खात्यांच्या नावांत दाखवायची गरज नाही. ते ठेवायची जागा म्हणजे निर्णयांची वही. तिच्याकडे येतोच.

एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून पाहू : ‘मामा तलावाखालच्या बांधीत धान निसवून राहिलं.’

‘मामा’पासूनच अडायला होतं. रूपाने ते नाम आहे, पण इथे ते ‘माजी मालगुजारी’चं लघुरूप आहे, तलावाचा प्रकार सांगणारं. मी त्याला विशेषण लावीन आणि शेऱ्यात ‘लघुरूप’ लिहीन. तुमच्या गटाने नाम ठरवलं तरी आभाळ कोसळत नाही. मात्र पुढच्या शंभर ‘मामा तलावां’ना तेच लागलं पाहिजे.

‘तलावाखालच्या’ हा एक शब्द की तीन? हिंदीत ‘तालाब के नीचे’ हे सुटं लिहितात, म्हणून तिथे ‘के’ला आणि ‘नीचे’ला वेगळी खूण मिळते. मराठीत सगळं एकमेकांना चिकटलेलं. हिंदीसाठी लिहिलेल्या सूचना मराठीला जशाच्या तशा लावल्या की गोंधळ इथेच सुरू होतो. माझा सल्ला असा : मूळ मजकूर फोडू नका. शब्द आहे तसा ठेवा, त्याला मुळाची जात द्या, म्हणजे इथे नाम. शेजारच्या रकान्यात मूळ शब्द ‘तलाव’ लिहा, त्यापुढच्यात चिकटलेला भाग ‘खालच्या’. मजकूरच फोडला तर ‘तलावा’, ‘भंडाऱ्या’, ‘धाना’ अशी सामान्यरूपं सुटी पडतात आणि यंत्र त्यांना स्वतंत्र शब्द समजून बसतं.

‘बांधी’ म्हणजे बांध घालून केलेली धानाची जागा. पूर्व विदर्भात हा शब्द रोजचा आहे, आणि ‘बांधीत’ हे त्याचं सप्तमीचं रूप. जुन्या गद्य-पद्यात ‘तो घर बांधी’ असं क्रियापदही येतं, आणि ‘बांधीत होता’मध्येही तेच अक्षर न् अक्षर. म्हणून प्रमाण मराठीवर शिकलेलं यंत्र इथे क्रियापद म्हणून मोकळं झालं तर नवल नाही. आपण नाम लावायचं. ‘धान’ नाम, त्यात वाद नाही.

उरलं ‘निसवून राहिलं’. निसवणं म्हणजे धानाच्या लोंब्या बाहेर पडणं. इथे जरा थांबा, कारण आपल्या जिल्ह्याचं काम पुण्या-मुंबईच्या कामाहून वेगळं होतं ते याच ठिकाणी. ‘तो जेवण करून राहिला’ हे वाक्य पुण्यातल्या मुलीला दिलं, तर आधी जेवला आणि मग मुक्काम केला असा अर्थ ती घेईल. विदर्भात त्याचा सरळ अर्थ, तो आत्ता जेवतो आहे. पहिल्या वाचनात ‘राहिला’ हे मुख्य क्रियापद, दुसऱ्यात सहायक. अक्षरं तीच, व्याकरण वेगळं, आणि दोन्ही आपापल्या ठिकाणी बरोबर. बरं, भंडाऱ्यातही ‘तो चार दिवस नागपूरला जाऊन राहिला’ असं म्हणतातच, आणि तिथे मुक्काम खराच असतो. म्हणून वहीत कसोटी लिहून ठेवावी लागते. ‘राहिला’च्या जागी ‘मुक्काम केला’ घालून अर्थ टिकतो का? टिकला तर मुख्य, नाही तर सहायक. ‘पाऊस येऊन राहिला’मध्ये पाऊस कुठे मुक्काम करत नाही, तेव्हा सहायक. ‘धान निसवून राहिलं’मध्येही सहायक. यातून आणखी एक गोष्ट निघते. प्रत्येक वाक्यासोबत बोलणाऱ्याचा तालुका आणि गाव नोंदवा. नाव नको, गाव हवं. पवनीचं वाक्य कुठलं आणि वर्तमानपत्रातून आलेलं कुठलं, हे माहीत नसेल तर असल्या जागी निवाडा करता येत नाही.

‘गा’चीही तीच कथा. ‘ये गा इकडं’ आणि ‘एखादं गाणं गा’. दुसरं आज्ञार्थी क्रियापद; पहिलं हाक मारण्याचं, म्हणजे निपाताच्या खात्यातलं केवलप्रयोगी. ‘बे’ आणि ‘वो’ याच रांगेत बसतात. छापील मराठीवर तयार झालेल्या यंत्राला संबोधनाचा ‘गा’ भेटलेलाच नसतो, त्यामुळे ते प्रत्येक ‘गा’ला गायला लावतं. दंडारीचे संवाद किंवा झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहिता घेतल्या तर हा ‘गा’ जागोजागी येईल. त्याला पहिल्या दिवशीच वहीत जागा द्या.

स्थळ-काळाच्या शब्दांवर गटात भांडण होणार, हे गृहीत धरा. ‘तो पुढे गेला’ यात शाळा ‘पुढे’ला क्रियाविशेषण म्हणते, ‘घरापुढे’मध्ये शब्दयोगी. मग ‘पुढून आला’ आणि ‘पुढचा रस्ता’ यांत त्याला नामासारखे प्रत्यय लागतात, त्याचं काय? वर सांगितलेल्या संचाने यावर तोडगा काढला आहे. नामाच्या पोटात स्थलकालवाचकांचं उपखातं केलं आहे. वर, खाली, आत, बाहेर, पुढे, मागे, आधी, नंतर हे सुटे आले की तिकडे. शाळेच्या सवयीला हे खटकतं. पण कामाला सोपं जातं, कारण क्रियाविशेषणात मग ‘हळू’, ‘पटकन’ अशी रीत सांगणारीच उरतात. ‘वर’ मात्र डोळे उघडे ठेवून पाहा. वर चढायचं, वर पसंत करायचा आणि देवाकडे वरही मागायचा, असे तीन वेगळे शब्द एका रूपात आहेत.

‘पण’ तसाच. ‘येईन, पण उशिरा’ उभयान्वयी. ‘मी पण येतो’ निपात. ‘त्याने पण केला’ नाम. ‘च’ आणि ‘ही’ शब्दाला चिकटून येतात. त्यांच्यासाठी वेगळी ओळ करू नका, चिकटलेल्या भागाच्या रकान्यात टाका. धातुसाधितांबद्दल एकच नियम पुरतो : ‘निसवलेलं धान’, ‘रोवायला गेली’, ‘कापताना’ हे क्रियापदाच्या खात्यात; ‘रोवणी’, ‘कापणी’, ‘मळणी’ यांची नामं पक्की झालेली आहेत, ती नामात.

झाडीबोलीचं लेखन कसं ठेवायचं, हा नाजूक प्रश्न. या बोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. टॅग लावणाऱ्या शिक्षकाचा हात लाल पेनाकडे जातो आणि तो शुद्ध करून ठेवतो. मग त्या नमुन्यात बोली उरतच नाही, आणि ज्यासाठी काम काढलं तेच हातचं जातं. बोललेलं रूप जसंच्या तसं पहिल्या रकान्यात लिहा. प्रमाण रूप हवं असेल तर शेवटी वेगळा रकाना करा. लिंगही प्रमाण मराठीच्या कोशातून उचलू नका. वाक्यातलं क्रियापद आणि विशेषण काय सांगतं ते पाहा. माझ्या वाक्यात मी ‘राहिलं’ लिहिलं, तुमच्या गावचा माणूस ‘राहिला’ म्हणाला तर तेच लिहायचं आणि त्यावरून लिंग ठरवायचं. शब्दाच्या अर्थाबद्दल शंका आली तर साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचा झाडीबोलीचा शब्दकोश हाताशी ठेवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणासह नमुने खुले केले आहेत. प्रश्न कसे विचारायचे आणि बोललेलं कसं उतरवायचं, हे शिकायला ते उत्तम आहेत.

टाइप केलेल्या मजकुरात एक खोड असते, ती आधीच काढलेली बरी. ‘भंडाऱ्यात’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली ठिपका असलेलं ऱ हे अक्षर आणि हलन्त असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. जिल्ह्याच्या नावाच्या सामान्यरूपातच हे अक्षर असल्याने आपल्याला ही अडचण दर पानावर येणार. फाइल हाती आली की ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्या. छापखान्यातून आलेला मजकूर जुन्या फॉन्टमधला असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, आणि आणल्यावर नजरेखालून घाला; रूपांतरात जोडाक्षरं हमखास तुटतात.

कामासाठी महागडं काही लागत नाही. एक्सेल किंवा त्यासारखी कुठलीही तक्त्याची फाइल पुरे. एका ओळीत एक शब्द, दोन वाक्यांमध्ये एक रिकामी ओळ. रकाने असे : शब्द, मूळ, चिकटलेला भाग, जात, शंका किंवा शेरा. शेवटच्या रकान्याची लाज बाळगू नका. ज्या तक्त्यात एकही शंका नाही तो तक्ता मला संशयास्पद वाटतो.

सुरुवातीची काही पानं दोघांनी वेगवेगळी करायची, एकमेकांचं न पाहता. मग ताडायची. समजा २०० शब्दांपैकी १८० वर दोघांचं जमलं. हे झालं ९० टक्के, ऐकायला छान. पण नामं आणि क्रियापदं इतकी जास्त असतात की नुसत्या योगायोगानेही बरंच जुळतं. तो योगायोग ३० टक्के धरला, तर ९० मधून ३० वजा करून आलेले ६० हे १०० उणे ३०, म्हणजे ७० ने भागायचे. उत्तर ०.८६. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. ०.८ च्या वर असाल तर पुढे चला. खाली असाल तर सहसा दोष माणसांचा नसतो, नियम धूसर असतो. न जुळलेले वीस शब्द समोर ठेवून बसा. त्यातले बहुतेक दोन-तीन प्रश्नांभोवतीच फिरताना दिसतात, बहुधा ‘पुढे’, ‘पण’ आणि ‘राहिला’. प्रत्येकाचा निकाल, एक उदाहरण आणि तारीख वहीत लिहा. निकाल बदलला तर जुना खोडू नका, खाली नवा लिहा आणि आधीची पानं दुरुस्त करा. माझ्या मते ही वहीच खरी कमाई आहे. तक्ता तिच्यावरून पुन्हा करता येतो, तक्त्यावरून वही कुणालाही लिहिता येत नाही.

यंत्राची मदत कधी घ्यायची? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्झा’ या मोफत साधनात मराठी आहे. गप्पा मारणाऱ्या नव्या एआयलाही वाक्य दिलं तर तो झटक्यात जाती लावून देतो, आणि चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. छापील मराठीसाठी आधी यंत्राचा अंदाज घेऊन मग माणसाने दुरुस्त करणं परवडतं, वेळ वाचतो. बोलीच्या मजकुराला मात्र हे करू नका. समोर तयार उत्तर असलं की माणूस ते मान्य करत सुटतो, आणि ‘गा’ पुन्हा क्रियापद होऊन बसतो. आधी पाचशे वाक्यं हाताने करा. त्यातली शंभर कुलपात ठेवा, यंत्राला शिकवताना ती दाखवायची नाहीत. परीक्षा त्यांच्यावर घ्यायची. ही शंभर एकाच गावची नकोत. लाखांदूरची असोत, तुमसरची असोत, काही बातम्यांतली, काही बोलण्यातली. निकालही एकाच टक्केवारीत सांगू नका. यंत्र एकंदर ९० टक्के बरोबर असेल आणि तुमच्या बोलीच्या वाक्यांवर ६० वर घसरत असेल, तर महत्त्वाचा आकडा ६० आहे.

मजकूर कुणाचा, हेही पाहा. नाटककाराची संहिता, दंडारीच्या मंडळाचे संवाद, आजीने सांगितलेली गोष्ट, यांवर त्यांचा हक्क आहे. काय करणार, कुठे ठेवणार, हे मराठीत समजावून सांगा आणि लेखी होकार घ्या. काम झालं की वही आणि तक्ता दोन्ही खुले करा, कॉलेजच्या ग्रंथालयात एक प्रत ठेवा.

मजकूर गोळा करायला जिल्ह्यात सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतरचा, मंडईचा. गावोगाव दंडारी असतात, नाटकं असतात, पाहुणे आलेले असतात. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर मंडळाच्या प्रमुखाशी दिवाळीआधीच बोलून ठेवा. मंडईच्या दिवशी त्याला श्वास घ्यायलाही फुरसत नसते.